दार हीच स्पीकरची पेटी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयाची आहेत : गाडीच्या दारातल्या स्पीकरचा आवाज कमी खर्चात, घरच्या घरी कसा सुधारायचा. म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच देते आहे. टायर आणि बॅटरीच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात.

प्रश्न : पुढच्या दारांतले कंपनीचे स्पीकर काढून साडेसहा इंची चांगले स्पीकर बसवले. गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ झाला, पण बेस आधीपेक्षाही कमी वाटतो आणि आवाज वाढवला की दार खडखडतं. एक मित्र म्हणतो, अख्ख्या दाराला डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याचा कंप थांबवणारी चिकट शीट, लाव. दुसरा म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर घे. पैसे मोजकेच आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर सध्या राहू द्या. शीटसुद्धा लगेच विकत आणू नका. आधी एक फुकटची तपासणी करा. स्टीरिओचा बॅलन्स मधोमध ठेवा, भरपूर बेस असलेलं गाणं लावून नीट ऐका. मग स्टीरिओ बंद करून एकाच दाराच्या स्पीकरच्या दोन वायरी आपसांत बदला आणि तेच गाणं पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस भरीव येतो ती बरोबर. स्पीकर बदलताना एका बाजूची प्लस-मायनस उलटी होणं फार सर्रास घडतं. मग डावा स्पीकर हवा पुढे ढकलत असतो तेव्हा उजवा मागे ओढत असतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बहुतेक स्पीकरवर रुंद पट्टीचं टर्मिनल प्लसचं असतं, तेही पाहून घ्या.

ते ठीक असेल तर मूळ मुद्द्याकडे येऊ. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा त्याच्या पुढे हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे दाब घटतो. म्हणजे प्रत्येक स्पीकर दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज काढतो, फक्त एकमेकांच्या उलटा. हे दोन आवाज एकत्र येऊ नयेत म्हणून घरातला स्पीकर लाकडी पेटीत बसवलेला असतो. गाडीत ती पेटी म्हणजे दार. आणि पेटी म्हणून पाहिलं तर गाडीचं दार फारच वाईट असतं. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा आणि लॉक बसवण्यासाठी हात जाईल एवढी मोठी भोकं. त्या भोकांवर पाणी अडवायला एक पातळ प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर ट्रिम, म्हणजे आपल्याला दिसतं ते आतलं कव्हर. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून सरळ बाहेर येतो आणि पुढच्या आवाजाला भेटतो.

खालच्या सुरांनाच याचा फटका का बसतो तेही सांगते, कारण हे एकदा कळलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. मागचा आवाज वळसा घालून पुढे येईपर्यंत फार तर हातभर अंतर कापतो. साडेतीन मीटरच्या लहरीपुढे हातभर अंतर काहीच नाही, त्यामुळे तो उलटाच्या उलटा येऊन पुढच्या आवाजाला मारतो. २००० हर्ट्झची लहर मात्र सतरा सेंटिमीटरची. तिथे हा हिशेब जुळत नाही, म्हणून माणसाचा आवाज, बासरी, झांजा यांना फारसा धक्का लागत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय तसंच : गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ, बेस गायब.

आता बेस आधीपेक्षाही कमी का झाला? कंपनीचा स्पीकर बहुधा प्लॅस्टिकच्या साच्यातच ओतलेला असतो. तो पत्र्यावर गच्च बसतो आणि त्याच्या कडेला फोमची पट्टी असते. ती पुढे ट्रिमलाही टेकते. तुम्ही तो काढून चपट्या कडेचा स्पीकर एखाद्या पातळ रिंगवर बसवलात. रिंग आणि पत्रा यांच्यात फट, स्पीकर आणि ट्रिम यांच्यात बोट-दोन बोटं मोकळी जागा. स्पीकर चांगला आला, पण होती ती पेटीही गेली.

म्हणून पहिला खर्च रिंगवर आणि फोमच्या पट्टीवर करा. रिंग लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची घेऊ नका. दारात पाणी येतं, तो बोर्ड फुगतो, स्क्रू सैल होतात. बारा ते पंधरा मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा भाजी चिरायचा बोर्ड जिगसॉने कापला तर उत्तम रिंग होते. ते प्लॅस्टिक पाणी पीत नाही आणि चांगलं जड असतं. कापण्याआधी काच पूर्ण खाली करा आणि पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. स्पीकरचं चुंबक काचेला लागता कामा नये. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये, तसंच स्पीकर आणि रिंग यांच्यामध्ये, खिडक्यांच्या फटींना लावतात ती चिकट फोमपट्टी लावा. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, म्हणजे पट्टी सगळीकडे सारखी दबेल.

मग स्पीकरच्या पुढच्या कडेवर जाड, मऊ फोमचं कडं चिकटवा. ट्रिम बसवल्यावर ते दबून जाळीच्या मागे टेकलं पाहिजे. त्याची जाडी प्रत्येक गाडीत वेगळी लागते. फोमवर थोडा खडू लावून ट्रिम बसवा आणि काढा. ट्रिमच्या मागे खडूचा पूर्ण गोल उमटला तर जाडी बरोबर. शंकूच्या रबरी कडेला मात्र ते कडं कुठेही शिवता कामा नये. या कड्याशिवाय स्पीकरचा बराच आवाज ट्रिमच्या मागच्या पोकळीत फिरतो, ट्रिम हलवतो आणि आपल्यापर्यंत गढूळ होऊन येतो. सगळ्या कामात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक मी याच कड्याने पडताना पाहिला आहे, आणि ते विसरलेल्या दारांचीच संख्या जास्त.

त्यानंतर ती मोठी भोकं. खर्च करण्यापूर्वी खात्री करून घ्या : ट्रिम काढलेल्या अवस्थेत भोकांवर जाड पुठ्ठा ठेवा, कडा मास्किंग टेपने बंद करा आणि गाणं लावा. फरक तिथल्या तिथे ऐकू येतो. (पुठ्ठा फक्त या परीक्षेपुरता, पहिल्याच पावसात त्याचा लगदा होईल.) पटलं की कागदाचा साचा काढून त्या मापाचे तुकडे कापा. एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चालतो. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो तीन मिलिमीटरचा एसीपी शीटचा तुकडा त्याहून सोयीचा आणि ताठ. कडेने ब्यूटाइलची (चिकट रबराची) दोरी किंवा फोमपट्टी लावून तो चार-सहा लहान स्क्रूंनी बसवा. स्क्रू मारण्यापूर्वी मागे वायर, केबल किंवा काच नाही ना ते टॉर्च लावून पाहा. पत्र्याला नवीन भोक पाडलं तर त्याच्या उघड्या कडेला प्रायमर लावायला विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो. लॉकची केबल जाते तिथे तुकड्याला खाच ठेवा आणि उरलेली फट ब्यूटाइलने बुजवा. हलत्या दांड्याभोवती मात्र थोडी मोकळी जागा राहू द्या. थोडी गळती चालते.

भोकांवर नुसती डॅम्पिंग शीट ताणून लावलेली अनेक ठिकाणी दिसते. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण मोठ्या भोकावरची शीट बेसबरोबर आतबाहेर होते आणि मिळवलेलं अर्धं घालवते. शिवाय काचेची मोटर बिघडली की ती फाडूनच काढावी लागते. स्क्रूचा तुकडा पाच मिनिटांत निघतो.

एवढं झाल्यावर, आणि त्यानंतरच, डॅम्पिंग शीट. ती किती आणि कोणती, हा पुढच्या पत्राचाच प्रश्न आहे.

प्रश्न : ताई, गाडीसाठीची डॅम्पिंग शीट महाग पडते. छपराची गळती थांबवायला वापरतात ती चांदीच्या रंगाची चिकट पट्टी चालेल का? आणि दाराला आतबाहेर पूर्ण मढवावं लागतं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाने सुरुवात करते, कारण तुमचे जास्त पैसे तिथे वाचतील. पूर्ण मढवायची गरज नाही. मोकळ्या सपाट पत्र्याच्या पाव भागावर शीट नीट चिकटली की कंप थांबवण्याचं बहुतेक काम होऊन जातं. त्यापुढे प्रत्येक जादा तुकड्याचा उपयोग घटत जातो.

हे असं का, ते शीटच्या रचनेत आहे. तिच्यात दोन थर असतात : साधारण दोन मिलिमीटरचं ब्यूटाइल रबर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दाराचा पत्रा थरथरतो म्हणजे तो किंचित वाकतो आणि सरळ होतो. वरचं अ‍ॅल्युमिनियम त्याच्याबरोबर ताणायला तयार नसतं, म्हणून मधलं रबर दोघांच्या ओढाताणीत आडवं खेचलं जातं आणि कंपाच्या ऊर्जेची उष्णता होते. नाद करणाऱ्या घंटेला तळहात लावावा तसं ते आहे. सगळी घंटा झाकावी लागत नाही, जिथे ती थरथरते तिथे हात पडला की पुरे. म्हणून तुकडा पत्र्याच्या मधोमध, जिथे तो सर्वांत जास्त वाकतो तिथे लावायचा. कडा, घड्या आणि पन्हाळी घातलेला भाग मुळातच ताठ असतो, तिथे शीट वाया जाते.

कुठे लावायचं ते बोटाच्या पेरांनी कळतं. बाहेरच्या पत्र्यावर टकटक करत जा. जिथे ‘टण्ण’ असा लांबलेला आवाज येतो तिथे आतून तुकडा. लावल्यावर तोच आवाज ‘ठक’ असा तिथेच थांबला पाहिजे. थांबला की पुढच्या जागेकडे वळा. स्पीकरच्या अगदी मागे येणाऱ्या बाहेरच्या पत्र्यावर मात्र एक मोठा तुकडा न चुकता लावा, कारण मागचा आवाज आधी त्याच्यावर आदळतो.

आता छपराची पट्टी. तिच्यात दोन जाती असतात आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. एकीत ब्यूटाइल असतं, दुसरीत डांबर. ब्यूटाइलची असेल तर खुशाल वापरा. सायकलच्या ट्यूबमध्ये वापरतात त्याच जातीचं ते रबर आहे. पाणी आणि हवा दोन्ही अडवतं आणि उन्हात जागा सोडत नाही. त्या पट्टीवरचं अ‍ॅल्युमिनियम गाडीच्या शीटपेक्षा पातळ असतं, त्यामुळे तिचा परिणाम थोडा कमी मिळतो, तेव्हा पाव भागाऐवजी थोड्या जास्त भागावर लावा. चांगल्या शीटवर अ‍ॅल्युमिनियम ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतं. काही स्वस्त मालावर तर धातू नसतोच, चंदेरी प्लॅस्टिक असतं. कोपरा दुमडून पाहा. धातू दुमडलेलाच राहतो, प्लॅस्टिक परत उसळतं. प्लॅस्टिकवाली घेऊ नका, रबराला वरून धरून ठेवणारं तिच्यात काहीच नसतं.

डांबराची पट्टी दारात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कडक उन्हात गडद रंगाच्या गाडीचा पत्रा सत्तर अंशांच्याही वर तापतो. डांबर मऊ पडतं, उभ्या पत्र्यावरून हळूहळू घसरतं, काचेच्या यंत्रणेत अडकतं आणि बंद गाडीत वास सुटतो. कारखान्यात गाडीच्या तळाला डांबरी पट्ट्या असतात हे खरं, पण त्या आडव्या जागी असतात आणि रंगाच्या भट्टीत वितळून पत्र्याला पक्क्या बसलेल्या असतात. विकत घेण्याआधी खात्री करायची असेल तर एक तुकडा मागून घ्या, एखाद्या जुन्या डब्याच्या उभ्या बाजूला चिकटवा आणि भर उन्हात दिवसभर ठेवा. संध्याकाळी घसरलेला किंवा वास मारणारा तुकडा दारात जाणार नाही.

फॉइल लावलेला फुगेवाला कागद, अंड्यांचे ट्रे, गादीचा फोम हे सगळं विसरा. पत्र्याचा कंप यातलं काहीच थांबवत नाही, आणि गादीचा फोम पाणी धरून ठेवून दार आतून गंजवतो. फोम वापरायचाच तर बंद पेशींचा, म्हणजे पाण्यात दाबून धरला तरी पाणी न पिणारा.

चिकटवताना तयारी नीट करा. पत्रा धुळीपासून मोकळा आणि कोरडा हवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. हवा गार असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने पत्रा आणि शीट कोमट करा. मग लहान रोलरने जोर लावून दाबा. शीटवर नक्षी असेल तर ती सपाट होईपर्यंत. हाताने थापटून लावलेली शीट आतून पोकळ राहते आणि तिचं काम करत नाही. दाराच्या तळाशी कारखान्यात लावलेलं मेण असतं, ते पुसू नका. गंजापासून तेच राखतं. खालचा चार बोटांचा भाग तसाच सोडा. आणि हातमोजे घाला. अ‍ॅल्युमिनियमची कड आणि भोकांच्या पत्र्याची धार, दोन्ही हात कापतात.

प्रश्न : सूचना पाहून दोन्ही दारांचं काम केलं. आवाज छान झाला, पण पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा भिजतो. पूर्वी असं नव्हतं. शीट नीट चिकटली नाही का?

उत्तर : बहुधा शीटचा दोष नसून प्लॅस्टिकच्या त्या कागदाचा आहे. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पाणी दारात शिरतंच, तसं ते शिरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. आत आलेलं पाणी बाहेरच्या पत्र्यावरून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. तो कागद दाराची ओली बाजू आणि गाडीची कोरडी बाजू वेगळी ठेवतो. तुम्ही तो काढून टाकला असेल, किंवा परत लावताना खालची कड आतल्या पत्र्याच्या खाचेत न जाता बाहेर राहिली असेल, तर त्यावरून ओघळणारं पाणी सरळ ट्रिममध्ये आणि तिथून गालिच्यावर येतं.

ट्रिम काढा. झारीने काचेच्या पट्टीवर हळूहळू पाणी सोडा आणि आतून टॉर्च लावून बघा. पाणी नेमकं कुठून डोकावतं ते दिसेल. जुना कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिनचा नवीन कापा आणि कडेने ब्यूटाइलची दोरी लावून बसवा. दुतोंडी टेप काही दिवसांत सुटते. भोकांवर ताठ तुकडे बसवले असतील तर त्यांचीच खालची कड पाणी अडवते का ते पाहा, कारण त्यांनी कागदाचं कामही करायला हवं. तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, शीटचा एखादा तुकडा किंवा पडलेली फोमपट्टी तिथे अडकलेली असू शकते. दार उघडझाप करताना आत पाणी खुळखुळत असेल तर हेच कारण.

गालिचा वरून वाळला तरी खालचा नमदा ओलाच राहतो. तो उचलून पूर्ण वाळवा, नाहीतर महिन्याभरात कुबट वास येऊ लागेल.

प्रश्न : माझ्या गाडीला बाजूच्या एअरबॅग आहेत. दाराची भोकं बंद केल्याने त्यांना काही धोका होतो का? इंटरनेटवर कुणी यावर बोलताना दिसत नाही.

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. सगळ्यांनी हे उत्तर वाचावं.

काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजतो. धडकेत बाहेरचा पत्रा आत दबतो, पोकळीतली हवा क्षणात दाबली जाते, आणि त्या वाढीवरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. ही आकडेमोड कंपनीने दार जसं बनवलं तसं धरून केलेली असते : तेवढी पोकळी, तेवढी भोकं, तसाच कागद. आपण भोकं जास्त बंद केली, नवीन पाडली किंवा कागद काढून टाकला, तर दाब वेगळ्या तऱ्हेने वाढेल. एअरबॅग उशिरा उघडली किंवा नको तेव्हा उघडली, तर चांगल्या बेसचा काय उपयोग?

तेव्हा गाडीचं माहितीपुस्तक काढा आणि एअरबॅगच्या प्रकरणात दारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. दारात फेरबदल करू नका, स्पीकर बदलण्यासाठी भोकं पाडू नका, असा इशारा काही कंपन्या तिथे स्पष्ट शब्दांत देतात. तसा इशारा असेल किंवा दारात दाबाचा सेन्सर असेल, तर भोकांना हात लावू नका. कंपनीचा कागद जसाच्या तसा परत बसवा. स्पीकरच्या पुढचं फोमचं कडं, ट्रिमच्या मागच्या फोमपट्ट्या आणि क्लिपा, वायरींवरची कापडी टेप, इतकं करायला मोकळीक आहे. पत्र्यावर शीट लावायची झाली तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. बेस थोडा कमी मिळेल. तो कमीपणा मी आनंदाने स्वीकारेन.

ज्या दारांत असा सेन्सर नाही, त्यांच्यावर काम करतानाही इग्निशन बंद ठेवून बॅटरीची मायनसची तार काढा आणि माहितीपुस्तकात सांगितलेला वेळ थांबा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका, आणि कुठलाही सेन्सर सुटा असताना इग्निशन चालू करू नका.

प्रश्न : सगळं केलं, तरी ठरावीक गाण्यांत एका विशिष्ट सुराला दारातून ‘र्रर्र’ असा आवाज येतो. शीटचा आणखी एक थर लावू?

उत्तर : थर लावू नका. एका विशिष्ट सुराला येणारी खडखड म्हणजे काहीतरी सुटं कशाला तरी आपटतं आहे. शीट पत्र्याला शांत करते. सुटी क्लिप ती धरून ठेवत नाही.

शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. मोबाइलवर सूर काढणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि ४० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत अगदी सावकाश चढत जा. आवाज मध्यम ठेवा. खडखड ज्या आकड्यावर येते तिथे थांबा आणि तो सूर चालूच ठेवा. मग एकेक जागा तळहाताने दाबत जा : जाळी, हँडलची वाटी, काचेच्या बटणांची पट्टी, बाटलीचा कप्पा, ट्रिमची खालची कड, काचेजवळची कड. जिथे दाबल्यावर खडखड थांबते तिथेच चोर आहे. दोघांनी मिळून करणं बरं, एकाने दाबावं आणि एकाने बाहेर उभं राहून ऐकावं. नंबरप्लेट, आरसा, सनव्हायझर, अगदी कप्प्यातली नाणीसुद्धा दाराच्या नावावर खडखडत असतात, आधी तीच बाजूला करा.

दारात नेहमी सापडणारे गुन्हेगार ठरलेले आहेत. ट्रिम काढताना तुटलेली क्लिप पहिली. नवीन क्लिपा काम सुरू करण्याआधीच आणून ठेवाव्यात, जुन्या दोन-चार तरी तुटतातच. मग आतला वायरचा गुच्छ. त्याला ठिकठिकाणी कापडी टेप गुंडाळा आणि पत्र्याला बांधा. लॉकच्या दांड्याला त्याच्या प्लॅस्टिकच्या पकडीत ढिलाई आली असेल तर तिथेही कापडी टेपचा एक वेढा पुरतो, फक्त दांडा मोकळेपणी सरकतो ना ते पाहा. ट्रिमच्या मागे जिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला घासतं तिथे पातळ फोम किंवा नमद्याची पट्टी. बाहेरचा पत्रा आणि धडक झेलणारी आतली आडवी तुळई यांच्यामध्ये कारखान्यात मऊ मसाल्याचे ठिपके दिलेले असतात. जुन्या गाडीत ते वाळून सुटतात आणि पत्रा तुळईवर थडथडतो. तिथे ब्यूटाइलची गोळी भरून हलकेच दाबा. जोर लावलात तर बाहेरच्या रंगावर फुगवटा दिसेल.

आणि स्टीरिओच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचे सूर स्पीकरपासून अडवणारी सोय, असेल तर तो ८० हर्ट्झवर लावा. हे फुकट आहे आणि त्याचा फायदा मोठा. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट अंतर हलावं लागतं. साडेसहा इंची स्पीकर ४० हर्ट्झ काढायला जातो तेव्हा सूर कमी आणि दाराची हालचालच जास्त होते. ते काम त्याच्यावरून काढून घेतलं की उरलेला बेस घट्ट होतो, खडखडही पुष्कळ कमी होते.

प्रश्न : डॅम्पिंग केल्यावर हायवेवर टायरचा आवाजही बंद होईल ना?

उत्तर : बंद होणार नाही, थोडा कमी होईल. कंप थांबवणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही वेगवेगळी कामं आहेत. आवाज अडवायला वजन लागतं. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर आरपार येणारा आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो, आणि दाराचं वजन दुप्पट करणं शहाणपणाचं नाही. त्यातून टायरचा बराचसा आवाज दारातून येतच नाही, तो चाकांच्या कमानीतून आणि तळातून येतो. दाराच्या चौकटीची रबरी पट्टी मात्र जरूर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून वारा आणि आवाज दोन्ही आत येतात. पट्टी बदलल्याने पडणारा फरक पुष्कळदा शीटपेक्षा जास्त असतो.

प्रश्न : दाराच्या पोकळीत फुगणारा स्प्रे फोम भरला तर सगळंच काम एका डब्यात होईल का?

उत्तर : कृपा करून असं करू नका. तो फोम फुगताना कुठे थांबेल यावर तुमचा ताबा राहत नाही. निचऱ्याची भोकं बुजतात, काचेची रुळं आणि लॉक अडकतं, बाहेरचा पत्रा फुगू शकतो, आणि मागे अडकलेलं पाणी दार आतून खातं. नंतर तो खरवडूनच काढावा लागतो. असं भरलेलं दार दुरुस्तीला आलं की सगळेच हात वर करतात.

प्रश्न : मागच्या दारांनाही एवढंच करू का?

उत्तर : मागे रोज कुणी बसत नसेल तर नको. मागच्या दारांत फोमचं कडं लावा, सुट्या वायरी बांधा आणि तिथेच थांबा. उरलेली शीट पुढच्या दारांत वापरा, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. एकच दार पक्कं केलं तर बेस एका बाजूला झुकतो आणि मग बॅलन्स फिरवत बसावं लागतं.